इंग्रजीतील विशेषणे आणि धातुसाधिते: सराव कोणत्या क्रमाने करावा आणि चूक नेमकी कुठे होते

नोकरीच्या अर्जांचे मसुदे तपासताना एक वाक्य मला पुन्हा पुन्हा भेटते: 'आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस वर्क.' लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की मला या कामात फार रस आहे. वाचणाऱ्याला कळते ते असे की मी स्वतःच फार मनोरंजक आहे. 'आय ॲम बोअरिंग' या वाक्यात तर अर्थ पुरता उलटतो, कारण ज्याला कंटाळा आला आहे तोच स्वतःला कंटाळवाणा म्हणवून घेतो. ही चूक करणाऱ्या बहुतेकांना नियम माहीत असतो. 'वस्तूला आयएनजी, माणसाला ईडी' असे त्यांनी पाठ केलेले असते, आणि तरीही हात चुकतो.

याचे कारण मराठी वाक्याच्या घडणीत आहे. 'मला कंटाळा आला', 'तिला आश्चर्य वाटले', 'त्यांना राग आला' या वाक्यांत भावना अनुभवणारा माणूस कर्ता नाही; कर्ता आहे ती भावना, आणि माणसाला 'ला' किंवा 'ना' लागला आहे. इंग्रजीत तोच माणूस कर्त्याच्या जागी येऊन बसतो आणि भावनेचे विशेषण होते. ही जागांची अदलाबदल अंगवळणी पडली नाही, तर कितीही तक्ते पाठ केले तरी बोलताना जीभ पहिल्यांदा सुचलेले रूप उच्चारते. म्हणून पुढचा सराव इंग्रजी शब्दांपासून सुरू होत नाही. तो मराठी वाक्यापासून सुरू होतो.

तयारी: वही, यादी आणि तीन नावे

एक जाड वही घ्यावी आणि प्रत्येक जोडपानाचे डावे पान मराठीसाठी, उजवे इंग्रजीसाठी राखावे. प्रत्येक वाक्याखाली दोन ओळी कोऱ्या ठेवाव्यात, कारण दुरुस्ती तिथेच लिहायची आहे. मूळ चूक खोडून नाहीशी केली की ती पुन्हा कधी झाली हे कळत नाही.

या लेखात तीन नावे सारखी येतील. क्रियापदाला आयएनजी लागून होणाऱ्या शब्दाला मी 'आयएनजी रूप' म्हणतो. शाळेत ज्याला व्ही थ्री म्हणतात, म्हणजे 'बोअर्ड', 'ब्रोकन', 'रिटन' यांसारखे शब्द, त्याला 'तिसरे रूप' म्हणतो. 'ईडी रूप' हे नाव मी मुद्दाम टाळले आहे, कारण 'ब्रोकन'ला आणि 'टॉर्न'ला ईडी नाही, तरी काम तेच आहे. ही दोन्ही रूपे नामाचे वर्णन करू लागली की ती धातुसाधित विशेषणे होतात. मराठीतील 'धावणारा', 'उकळते', 'फाटलेला' हे शब्द त्याच जातीचे आहेत.

सुरुवातीच्या यादीत भावनेची १५ क्रियापदे पुरतात: बोअर, इंटरेस्ट, टायर, एक्साइट, सरप्राइज, कन्फ्यूज, डिसअपॉइंट, सॅटिस्फाय, फ्रायटन, वरी, अमेझ, ॲनॉय, एम्बॅरस, शॉक आणि एक्झॉस्ट. यांचे अर्थ कसे लिहायचे याला फार महत्त्व आहे. 'टायर' म्हणजे 'दमणे' असे लिहू नये. 'दमवणे' असे लिहावे. 'फ्रायटन' म्हणजे 'घाबरणे' नव्हे, 'घाबरवणे'. 'बोअर' म्हणजे 'कंटाळा आणणे', 'इंटरेस्ट' म्हणजे 'रस निर्माण करणे'. मराठीत 'दमणे' आणि 'दमवणे' अशी जोडी असते आणि या यादीतली बहुतेक इंग्रजी क्रियापदे या जोडीतल्या दुसऱ्या बाजूची आहेत. 'वरी'सारखे एखादे दोन्हीकडे चालते, पण विशेषण बनवताना तेही याच रांगेत बसते.

तपासणी: यादीतील प्रत्येक अर्थापुढे 'मला' हा शब्द कर्म म्हणून ठेवून पाहावा. 'ते मला दमवते', 'ते मला घाबरवते', 'ते मला गोंधळात टाकते' असे वाक्य होत असेल, तर अर्थ बरोबर लिहिला आहे. 'ते मला दमते' असे होत असेल, तर अर्थ बदलावा आणि मगच पुढे जावे.

टप्पा १: मराठी वाक्यातला 'ला' शोधणे

डाव्या पानावर भावनेची दहा मराठी वाक्ये लिहावीत, आणि ती आपल्याच दिवसातली असावीत. प्रत्येक वाक्यात दोन गोष्टींभोवती वर्तुळ काढावे: भावना कोणाला झाली आणि ती कशामुळे झाली. मग कारणाकडून माणसाकडे जाणारा बाण काढावा.

एक वाक्य जवळून पाहू. 'मला त्या व्याख्यानाचा कंटाळा आला.' पहिले वर्तुळ 'मला' या शब्दाभोवती, दुसरे 'व्याख्यान' या शब्दाभोवती, आणि बाण व्याख्यानाकडून माझ्याकडे. आता उजव्या पानावर तीन वाक्ये याच क्रमाने लिहायची. आधी साधे क्रियापद: 'द लेक्चर बोअर्ड मी.' मग बाण जिथून निघाला ते कर्ता: 'द लेक्चर वॉज बोअरिंग.' शेवटी बाण जिथे लागला ते कर्ता: 'आय वॉज बोअर्ड.' बाण सोडणाऱ्याला आयएनजी रूप, बाण लागणाऱ्याला तिसरे रूप. वस्तू आणि माणूस या भेदाचा इथे काही संबंध नाही.

पहिले वाक्य अनेक जण गाळतात, कारण ते विशेषणाचे वाक्य नसते. ते गाळू नये. कोण कोणावर काय करते हे त्या वाक्यात उघड दिसते आणि पुढच्या दोन वाक्यांना तेच आधार देते. पहिले दोन आठवडे तरी तिन्ही वाक्ये लिहावीत. नंतर ते पहिले वाक्य मनातल्या मनात होऊ लागते.

इशारा: 'माणसाला ईडी' हा नियम डोक्यातून काढून टाकावा. 'ही इज अ बोअरिंग स्पीकर' हे वाक्य निर्दोष आहे, कारण तो वक्ता इतरांना कंटाळा आणतो. उलट 'अ वरीड लुक' किंवा 'अ सरप्राइज्ड व्हॉइस' यांत नजर आणि आवाज या वस्तू असूनही तिसरे रूप आले आहे, कारण ती नजर चिंतेत पडलेल्या माणसाची आहे.

दुसरी खबरदारी यादी वाढवताना घ्यायची. काही क्रियापदांना कारणाच्या बाजूने वेगळेच विशेषण आहे. 'इम्प्रेस'पासून माणसासाठी 'इम्प्रेस्ड' होते, पण कारणासाठी 'इम्प्रेसिव्ह' म्हणतात, 'इम्प्रेसिंग' नव्हे. तसेच 'स्केअर्ड' आणि 'स्केअरी', 'डिलाइटेड' आणि 'डिलाइटफुल', 'स्ट्रेस्ड' आणि 'स्ट्रेसफुल'. नवे क्रियापद वहीत घेण्याआधी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात त्याची दोन्ही विशेषणे पाहावीत. अशा कोशांत 'इंटरेस्टेड' आणि 'इंटरेस्टिंग' यांच्या नोंदी विशेषण म्हणून स्वतंत्र असतात.

टप्पा २: शेवटचा ध्वनी कानावर आणि जिभेवर आणणे

आपल्या रोजच्या बोलण्यात 'मी बोअर झालो', 'ती कन्फ्यूज झाली', 'आम्ही एकदम इम्प्रेस झालो' अशी वाक्ये सर्रास येतात. मराठी म्हणून ती चालतात, कारण 'होणे' हे क्रियापद सगळा भार उचलते. इंग्रजी बोलताना मात्र तोच उघडा शब्द तोंडात येतो आणि 'आय ॲम बोअर', 'आय ॲम कन्फ्यूज' अशी वाक्ये तयार होतात. लिहिताना बरोबर असणारेही बोलताना इथे घसरतात.

तिसऱ्या रूपाच्या शेवटी तीनपैकी एक ध्वनी येतो. क्रियापद 'क', 'प', 'स', 'श', 'च' किंवा 'फ' अशा अघोष ध्वनीवर (उच्चारताना कंठात कंप होत नाही अशा) संपत असेल, तर शेवटी 'ट' ऐकू येतो: 'शॉक्ट', 'एम्बॅरस्ट'. क्रियापद स्वरावर किंवा घोष ध्वनीवर संपत असेल, तर 'ड' येतो: 'टायर्ड', 'अमेझ्ड', 'ॲनॉइड'. क्रियापदाच्या शेवटी आधीच 'ट' किंवा 'ड' असेल, तर एक पूर्ण अक्षर वाढते: 'एक्सायटिड', 'डिसअपॉइंटिड'. लिहिताना तिन्ही ठिकाणी अक्षरे तीच असतात, म्हणून वहीत प्रत्येक शब्दापुढे त्याचा खरा उच्चार देवनागरीत लिहून ठेवावा.

सराव मोठ्याने करावा आणि पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडावा: 'टायर्ड ऑफ इट', 'बोअर्ड ऑल डे', 'शॉक्ट ॲट इट'. पुढे स्वर असला की शेवटचा ध्वनी त्याला चिकटतो आणि गिळला जात नाही. हे जमल्यावर पुढे व्यंजन ठेवावे. आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकावा. स्वतःचा गिळलेला 'ड' बोलताना कळत नाही, ऐकताना लगेच कळतो.

काही जुनी विशेषणे या नियमाबाहेर आहेत आणि त्यांत 'इड' असा पूर्ण उच्चार होतो: 'नेकिड', 'विकिड', 'रॅगिड', 'क्रुकिड'. विद्वान या अर्थाचा शब्दही 'लर्निड' असा उच्चारतात.

स्पेलिंगबाबत एकच गोष्ट सांगतो, कारण ती सर्वांत जास्त चुकते: 'रायटिंग' लिहिताना टी एकदाच येतो आणि 'रिटन' लिहिताना दोनदा.

टप्पा ३: तिसऱ्या रूपाला त्याचे शब्दयोगी जोडून पाठ करणे

'मला संगीतात रस आहे' यातला 'त' इंग्रजीत 'इन' होतो, हा योगायोग आहे. त्यावर विसंबून इतर विभक्तिप्रत्यय शब्दशः उतरवले की चूक होते. 'तिचे लग्न एका डॉक्टरशी झाले' यातल्या 'शी'मुळे 'मॅरीड विथ' लिहिले जाते. बरोबर आहे ते 'मॅरीड टू'. 'निकालावर समाधानी' यातल्या 'वर'मुळे 'सॅटिस्फाइड ऑन' होते. बरोबर आहे ते 'सॅटिस्फाइड विथ'.

म्हणून विशेषण एकटे पाठ करू नये. 'इंटरेस्टेड इन', 'टायर्ड ऑफ', 'बोअर्ड विथ', 'एक्सायटेड अबाउट', 'वरीड अबाउट', 'फ्रायटन्ड ऑफ', 'सरप्राइज्ड ॲट', 'डिसअपॉइंटेड विथ' हे एकेक शब्द असल्यासारखे लिहावेत आणि उच्चारावेत. काहींना एकापेक्षा जास्त पर्याय चालतात, पण सरावाच्या काळात एकच पक्का करावा.

या जोडीपुढे क्रियापद आले, तर ते आयएनजी रूपात येते: 'टायर्ड ऑफ वेटिंग', 'इंटरेस्टेड इन लर्निंग'. एकाच वाक्यात दोन्ही रूपे शेजारी आल्यामुळे इथे गोंधळ उडतो, म्हणून अशी पाच वाक्ये रोज लिहावीत.

तपासणी: वहीतली कोणतीही दहा जुनी वाक्ये घेऊन त्यांतला शब्दयोगी झाकावा आणि तोंडी म्हणून पाहावे. आठपेक्षा कमी बरोबर आली, तर पुढचा टप्पा सुरू करू नये.

टप्पा ४: 'लेला' दिसला की थांबणे

माझ्या मते हा सर्वांत अवघड टप्पा आहे आणि बहुतेक पुस्तकांत तो येत नाही, कारण ती पुस्तके मराठी वाचकासाठी लिहिलेली नसतात. 'णारा' म्हणजे आयएनजी रूप आणि 'लेला' म्हणजे तिसरे रूप, हे समीकरण अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देते.

जिथे ते चालते तिथून सुरुवात करू. 'उकळते पाणी' म्हणजे 'बॉइलिंग वॉटर', 'उकळलेले पाणी' म्हणजे 'बॉइल्ड वॉटर'. पहिल्याला हात लावला तर भाजेल. दुसरे गार होऊन पेल्यात असू शकते. 'फाटलेले पान' म्हणजे 'अ टॉर्न पेज', 'हरवलेली किल्ली' म्हणजे 'अ लॉस्ट की', 'बदलते हवामान' म्हणजे 'चेंजिंग क्लायमेट'. क्रिया चालू आहे की पूर्ण झाली, एवढाच प्रश्न इथे विचारावा लागतो.

आता 'झोपलेले बाळ' घ्या. समीकरणाप्रमाणे 'अ स्लेप्ट बेबी' व्हायला हवे, पण इंग्रजीत असे कोणी म्हणत नाही. 'अ स्लीपिंग बेबी' म्हणतात. मराठीच्या दृष्टीने झोपण्याची क्रिया झाली आणि तिच्यामुळे आलेली अवस्था पुढे टिकून आहे, म्हणून 'लेला' येतो. इंग्रजीच्या दृष्टीने बाळ अजून झोपेतच आहे, म्हणजे क्रिया चालूच आहे. शरीराची ठेवण सांगणाऱ्या बहुतेक क्रियापदांचे असेच होते. 'बाकावर बसलेला माणूस' हा 'सिटिंग', 'भिंतीला टेकलेली शिडी' ही 'लीनिंग', 'जमिनीवर पडलेले पुस्तक' हे 'लाइंग' आणि 'खुंटीवर लटकलेली पिशवी' ही 'हँगिंग'.

अंगावर किंवा हातात असलेल्या वस्तूंबाबतही हाच घोटाळा होतो. 'चष्मा लावलेली बाई' म्हणजे 'अ वुमन वेअरिंग ग्लासेस', 'छत्री धरलेला मुलगा' म्हणजे 'अ बॉय होल्डिंग ॲन अंब्रेला'. 'वोर्न' हा शब्द झिजलेल्या चपलेला लागेल, चष्मा लावलेल्या बाईला नाही.

तिसरा प्रकार अकर्मक क्रियापदांचा. 'गळून पडलेली पाने' म्हणजे 'फॉलन लीव्ह्ज' हे बरोबर आहे, 'निवृत्त झालेला शिक्षक' म्हणजे 'अ रिटायर्ड टीचर' हेही बरोबर आहे. यावरून 'आलेला पाहुणा' आणि 'घडलेली घटना' यांचे 'केम गेस्ट' आणि 'हॅपन्ड इन्सिडेंट' असे भाषांतर केले जाते, ते मात्र पूर्ण चूक आहे. अकर्मक क्रियापदांपैकी मोजक्यांचेच तिसरे रूप नामाआधी येऊ शकते: 'फॉलन', 'रिटायर्ड', 'एस्केप्ड', 'फेडेड', 'एक्स्पायर्ड' ही त्यांतली नेहमीची. बाकीच्या वेळी वाक्य उलगडावे लागते: 'द गेस्ट हू हॅज कम', 'द इन्सिडेंट दॅट हॅपन्ड'. 'मेलेला' या शब्दासाठी तर 'डेड' हे वेगळेच विशेषण आहे.

सराव असा करावा. डाव्या पानावर 'लेला', 'लेली', 'लेले' असलेली वीस पदे लिहावीत आणि उजवीकडे भाषांतर करण्याआधी प्रत्येकापुढे एक खूण करावी: अवस्था अजून चालू असेल तर 'चा', कोणीतरी त्या वस्तूवर क्रिया केली असेल तर 'के', आणि ती वस्तू किंवा व्यक्ती स्वतःच काही करून मोकळी झाली असेल तर 'झा'. 'चा' असेल तर आयएनजी रूप, 'के' असेल तर तिसरे रूप, आणि 'झा' असेल तर वरची छोटी यादी पाहून ठरवायचे. खूण आणि भाषांतर एकाच वेळी करू नये. आधी वीसही खुणा, मग वीसही भाषांतरे.

इशारा: 'पिण्याचे पाणी' म्हणजे 'ड्रिंकिंग वॉटर', पण ते पाणी काही पीत नाही. 'स्विमिंग पूल', 'वॉकिंग स्टिक', 'स्लीपिंग बॅग' या शब्दांत आयएनजी रूप वस्तूचा उपयोग सांगते. मराठीत जिथे 'ण्याचा' येतो, तिथली ही रचना आहे. उच्चारातही फरक आहे: उपयोग सांगणाऱ्या जोडीत जोर पहिल्या शब्दावर पडतो, तर 'अ स्लीपिंग चाइल्ड' म्हणताना तो 'चाइल्ड'वरही पडतो.

टप्पा ५: विशेषण नामाच्या आधी की नंतर

मराठीत वर्णन कितीही लांबले तरी ते नामाच्या आधीच येते: 'काल मुलांनी चेंडू मारून फोडलेली खिडकी'. इंग्रजीत एकटे विशेषण नामाआधी येते, पण त्याच्यासोबत आणखी शब्द असतील तर सगळा समूह नामानंतर जातो. 'द ब्रोकन विंडो', पण 'द विंडो ब्रोकन बाय द चिल्ड्रन'. 'अ स्लीपिंग बेबी', पण 'द बेबी स्लीपिंग इन द नेक्स्ट रूम'. नियम लहान आहे आणि सराव यांत्रिक आहे: एका शब्दाच्या विशेषणाचे पद घ्यावे, त्याला कुठे, केव्हा किंवा कोणी यांपैकी एक तपशील जोडावा आणि विशेषण नामापलीकडे हलवावे.

जागा बदलली की काही शब्दांचा अर्थही बदलतो. 'द पीपल कन्सर्न्ड' म्हणजे संबंधित लोक, आणि 'कन्सर्न्ड पीपल' म्हणजे काळजीत असलेले लोक. 'द पीपल इन्व्हॉल्व्ड' म्हणजे त्यात गुंतलेले लोक, तर 'ॲन इन्व्हॉल्व्ड एक्स्प्लनेशन' म्हणजे किचकट स्पष्टीकरण. कार्यालयीन पत्रव्यवहारात हे शब्द रोज येतात, म्हणून ते वेगळ्या पानावर लिहून ठेवावेत.

'अस्लीप', 'अवेक', 'अलाइव्ह', 'अफ्रेड', 'अलोन' ही विशेषणे नामाआधी येत नाहीत. 'द बेबी इज अस्लीप' बरोबर, 'ॲन अस्लीप बेबी' चूक. नामाआधी तिथे 'स्लीपिंग' लागते.

टप्पा ६: तुलना आणि तीव्रता

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. धातुसाधित विशेषण कितीही लहान असले तरी तुलना 'मोअर' आणि 'मोस्ट' लावूनच होते: 'मोअर टायर्ड', 'मोस्ट बोअरिंग'. 'व्हेरी' हा शब्द भावनेच्या विशेषणांना लागतो, पण ज्यात क्रियेचा परिणाम ठळक आहे तिथे वेगळी क्रियाविशेषणे शोभतात: 'बॅडली डॅमेज्ड', 'सीरियसली इंजर्ड', 'हायली क्वालिफाइड', 'वेल नोन'. ही चार पक्की करावीत आणि पुढे जावे.

टप्पा ७: धातुसाधिताने वाक्य सुरू करणे

आधीचे टप्पे पक्के झाल्याशिवाय याला हात लावू नये. 'रस्त्याने चालताना मला साप दिसला' हे मराठीत स्वच्छ वाक्य आहे. चालणारा मी आहे, पण वाक्याचा कर्ता साप आहे, आणि मराठीला त्यात काहीच वावगे वाटत नाही. याचे इंग्रजी जेव्हा 'वॉकिंग डाउन द रोड, अ स्नेक अपिअर्ड' असे होते, तेव्हा वाक्याप्रमाणे चालत असतो तो साप. इंग्रजीत सुरुवातीच्या धातुसाधिताचा मालक स्वल्पविरामानंतरचा कर्ता असतो.

पहिल्या टप्प्यात 'मला कंटाळा आला' या वाक्यात जे झाले, तेच इथे पुन्हा होते: मराठीने माणसाला 'ला' लावून बाजूला बसवले आणि इंग्रजीत त्याला पुन्हा कर्त्याच्या जागी आणावे लागते. 'वॉकिंग डाउन द रोड, आय सॉ अ स्नेक.' म्हणून ज्याने पहिला टप्पा मनापासून केला आहे, त्याला हा टप्पा तितका जड जात नाही.

सरावासाठी 'ताना' आणि 'ऊन' असलेली मराठी वाक्ये घ्यावीत. 'पत्र वाचून तिला राग आला.' वाचले कोणी? तिने. मग इंग्रजी वाक्याच्या उत्तरार्धाची सुरुवात 'शी' या शब्दानेच झाली पाहिजे: 'रीडिंग द लेटर, शी गॉट अँग्री.' आधीची क्रिया पूर्ण झाल्यावर दुसरी झाली हे ठळक करायचे असेल तर 'हॅविंग' घ्यावे: 'हॅविंग फिनिश्ड द वर्क, वी लेफ्ट.' क्रिया त्या व्यक्तीवर झाली असेल तर तिसरे रूप येते: 'एक्झॉस्टेड बाय द क्लाइंब, दे सॅट डाउन.'

जिथे दोन क्रियांचे कर्ते खरोखरच वेगळे आहेत, तिथे ही रचना सोडून द्यावी. 'मी घरी परतताना पाऊस आला' याचे 'रिटर्निंग होम, इट रेन्ड' असे करू नये. 'इट रेन्ड व्हाइल आय वॉज रिटर्निंग होम' असे पूर्ण वाक्य लिहावे. रचना डौलदार दिसते म्हणून ती सगळीकडे वापरण्याचा मोह होतो आणि निबंधांतले निम्मे नुकसान त्यातच होते.

तपासणी: स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या नामाखाली किंवा सर्वनामाखाली रेघ मारावी आणि विचारावे, 'हे सुरुवातीचे काम यानेच केले का, किंवा यावरच झाले का?' उत्तर 'नाही' असेल, तर वाक्य मोडून पुन्हा लिहावे.

टप्पा ८: सगळे मिसळून, आठवडाभर

प्रत्येक टप्पा वेगळा केला की सगळेच सोपे वाटते, कारण कोणते रूप येणार हे आधीच माहीत असते. खरी कसोटी मिसळल्यावर लागते. रोज १० ओळींचा एक परिच्छेद मराठीत लिहावा. त्यात एक भावना, एक 'लेला' आणि एक 'ताना' किंवा 'ऊन' असावे. इंग्रजी रूपांतर त्याच दिवशी करावे, पण दुरुस्ती दोन दिवसांनी करावी. त्याच दिवशी तपासले, तर जे म्हणायचे होते तेच डोळ्यांना दिसते आणि जे लिहिले ते दिसत नाही.

दुरुस्त करताना प्रत्येक चुकीपुढे तिच्या टप्प्याचा क्रमांक लिहावा. 'आय वॉज कन्फ्यूजिंग' लिहिले असेल तर १, 'आय वॉज कन्फ्यूज' लिहिले असेल तर २, 'मॅरीड विथ' असेल तर ३, 'स्लेप्ट बेबी' असेल तर ४. आठवड्याच्या शेवटी क्रमांक मोजावेत. ज्या क्रमांकाची संख्या सर्वांत मोठी असेल, पुढचा आठवडा फक्त त्याच टप्प्याला द्यावा, आणि डाव्या पानावरची वाक्ये पुन्हा नव्याने लिहावीत. जुनी वाक्ये तोवर पाठ झालेली असतात.

बोलण्याचा सराव याच वहीवरून करावा, पण उजवे पान झाकून. डाव्या पानावरचे मराठी वाक्य वाचावे, बाण मनात काढावा आणि इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणावे. पहिल्यांदा म्हणताना अडखळायला होईल. तिथे घाई करू नये, कारण त्या अडखळण्याच्या क्षणातच 'ला' लागलेला माणूस कर्त्याच्या जागी सरकत असतो. एकच वाक्य तीन दिवस सलग न अडखळता आले, की त्यापुढे खूण करून ते सोडून द्यावे आणि त्याच्या जागी त्या दिवशीचे नवे वाक्य घ्यावे.